जीन रिपोर्टमधला 'वाढलेला धोका' आणि लांबणारी पाळी: काय मनावर घ्यायचं, काय सोडून द्यायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय २६, देवगड तालुका, पाळी १३ व्या वर्षी सुरू झाली पण गेली काही वर्षं ५० ते ७० दिवसांनी येते, हनुवटीवर केस, वजन ६२ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. भावाने मुंबईहून थुंकीवरची जेनेटिक टेस्ट मागवली, त्यात एफएसएचबी नावाच्या जीनमध्ये एक 'टी' कॉपी आणि एलएचबी या जीनमध्येही व्हेरिएंट, आणि खाली लाल अक्षरात 'पीसीओएसचा धोका जास्त, प्रजननक्षमता कमी असू शकते' (पीसीओएस म्हणजे पाळी लांबणं, पुरुषी हॉर्मोन वाढणं, ओव्हरीत पुष्कळ बारीक फॉलिकल असा एकत्र येणारा त्रास). रक्तात एलएच (बीज बाहेर पडायला लावणारं हॉर्मोन) ०.१ पेक्षा कमी, एफएसएच ६.१, एस्ट्राडायॉल म्हणजे एस्ट्रोजेन ५८, एएमएच (ओव्हरीतल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं) ८.२, थायरॉइड नॉर्मल. सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरीमध्ये पुष्कळ बारीक फॉलिकल म्हणजे बीजाच्या पिशव्या, गर्भाशयाचं अस्तर ९ मिलिमीटर. घरी स्थळं बघतायत. तुम्ही विचारताय की हे जर जीनमध्येच आहे तर मला मूल होणार का, आणि मुलाकडच्यांना हा रिपोर्ट दाखवायचा का. आणि अगदी शेवटी जाता जाता एक ओळ: 'मोठ्या मावशीची पाळी ३६ व्या वर्षीच बंद झाली, तिचा मुलगा खूप उशिरा बोलायला लागला, स्पेशल शाळेत जातो, ते पण याच्यामुळेच असेल का?'

मी सिंधुदुर्गात गायनॅक म्हणून काम करते, पाळी आणि हॉर्मोनच्या तक्रारी हा माझ्या ओपीडीचा मोठा भाग आहे. तुम्हाला समोर बसवून तपासलेलं नाही त्यामुळे हे निदान समजू नका, पण विचार कसा करायचा ते नक्की सांगू शकते. आणि सुरुवातीलाच सांगते, तुमच्या रिपोर्टमधली लाल अक्षरं मला फारशी महत्त्वाची वाटली नाहीत. ती शेवटची ओळ मात्र वाटली. ज्यावरून तुमची झोप उडालीय ते किरकोळ आहे आणि जे तुम्ही सहज लिहून गेलात त्याच्याकडे नीट बघायला हवं.

आधी एफएसएचबी. एफएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं हॉर्मोन, ओव्हरीतल्या फॉलिकलला वाढायला लावणारं. त्याचे दोन भाग असतात, अल्फा आणि बीटा. अल्फा भाग एलएच, टीएसएच आणि प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दिसणारं एचसीजी या सगळ्यांत सारखाच असतो, वेगळेपण येतं ते बीटामुळे, आणि तो बीटा बनवायची कृती या एफएसएचबी जीनमध्ये लिहिलेली असते. तुमच्या रिपोर्टमधला बदल त्या कृतीत नाहीच, तो कृतीच्या आधीच्या भागात आहे जिथून किती माल बनवायचा ते ठरतं. तिथे 'जी' च्या ऐवजी 'टी' असेल तर एफएसएच जरासं कमी बनतं. बनतं ते व्यवस्थित चांगलंच असतं, फक्त थोडं कमी. एफएसएच कमी म्हणजे फॉलिकल तयार व्हायला थोडा जास्त वेळ, म्हणजे पाळीचं चक्र थोडं लांब.

थोडं म्हणजे किती? इंग्लंडमध्ये यूके बायोबँक म्हणून लाखो लोकांचा डेटा आहे, त्यातल्या बायकांवर २०१६ साली या व्हेरिएंटचा अभ्यास आला. एका 'टी' कॉपीमागे चक्र लांबतं साधारण एक दिवसाने. एक दिवस! तुमची पाळी तीन ते सहा आठवडे लांबतेय आणि तुमच्याकडे एकच कॉपी आहे. म्हणजे त्या लाल अक्षरांनी फार तर एका दिवसाचा हिशेब दिला, बाकीचे दिवस कुठून आले ते रिपोर्टला माहितीच नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की 'टी' असलेल्या बायकांची पाळी कायमची जाते ती किंचित उशिरा, आणि त्यांना एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) व्हायचं प्रमाण कमी. मूल नसण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं हे खरं, पण तो फरक इतका बारीक आहे की हजारो बायकांच्या गर्दीत दिसतो, एका बाईच्या बाबतीत त्यावरून काहीही सांगता येत नाही. आणि एंडोमेट्रिओसिसचा कमी झालेला धोका त्या कंपनीने लिहिलाय का बघा. बहुतेक नसेल. एकच अक्षर एका आजाराकडे जरा ढकलतं आणि दुसऱ्यापासून जरा लांब नेतं, मग नुसतं 'धोका जास्त' असं छापणं मला अजिबात पटत नाही.

खरोखर एका जीनमुळे पाळी न येणं ही गोष्ट असते, नाही असं नाही. १९९५ साली फिनलंडमध्ये अशी कुटुंबं सापडली ज्यांच्यात एफएसएचचा रिसेप्टरच, म्हणजे ओव्हरीत ते हॉर्मोन पकडणारा भागच, नीट काम करत नव्हता, आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली अशा दोन्ही कॉपी बिघडलेल्या. त्या मुलींना पाळी आलीच नाही किंवा येऊन लगेच थांबली, एफएसएच खूप वाढलेलं, ओव्हरी प्रतिसाद देत नाही. तुमची पाळी १३ व्या वर्षी आली, एफएसएच ६ आहे, एएमएच भरपूर आहे, सोनोग्राफीत फॉलिकल दिसतायत. तुमचं चित्र याच्या अगदी उलटं आहे, तेव्हा तो विचार सोडा.

मग पीसीओएस आनुवंशिक नाही का? आहे, चांगलंच आहे. माझ्याकडे मुलीला घेऊन येणारी आई बऱ्याचदा पहिल्या दोन मिनिटांत म्हणतेच, 'माझ्या आवशीक पण असाच होता'. नेदरलँड्समध्ये जुळ्या बहिणींवर झालेल्या अभ्यासात (२००६) पीसीओएसमधल्या फरकापैकी ७० टक्क्यांच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा निघाला. पण हा आकडा फार चुकीचा वाचला जातो. याचा अर्थ आईला आहे तर मुलीला होण्याची शक्यता ७० टक्के, असा होत नाही. बायका-बायकांत जो फरक दिसतो त्यातला मोठा भाग जीन्समधून येतो एवढाच त्याचा अर्थ. आणि ती जीन्स एक-दोन नाहीत. २०१८ मध्ये पीसीओएस असलेल्या सुमारे १० हजार आणि नसलेल्या लाखभर बायकांची तुलना झाली, त्यात जीनोमवरच्या १४ जागा सापडल्या, एफएसएचबीच्या शेजारची जागा त्यातलीच एक. प्रत्येकीचा परिणाम छोटा, आणि त्या सगळ्या बायका युरोपियन वंशाच्या. आपल्या मालवण-देवगडच्या बाईला तोच हिशेब जसाच्या तसा लावून 'तुमचा धोका इतका' असं सांगणं मला शास्त्राला धरून वाटत नाही. म्हणूनच पीसीओएसचं निदान करायला आज कुठल्याही मार्गदर्शक नियमांत जीन टेस्ट नाही, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येही नाही.

आता तुमचा एलएच, कारण इथे मला खरंच थांबावंसं वाटलं. पीसीओएसमध्ये एलएच बहुतेक वेळा नॉर्मल किंवा वाढलेलं असतं, तुमचं जवळजवळ शून्य. तुमच्या डॉक्टरांनी 'मेंदूकडून सिग्नल येत नाही, एमआरआय करू' असं म्हटलंय. तो विचार चुकीचा नाही, शून्य एलएच दिसल्यावर कुणालाही तोच येईल. पण एलएच खरंच शून्य असतं तर ओव्हरीत एस्ट्रोजेन बनलं नसतं, एस्ट्राडायॉल तळाला गेलं असतं, गर्भाशयाचं अस्तर पातळ राहिलं असतं. तुमचं एस्ट्राडायॉल ५८ आणि अस्तर ९ मिलिमीटर. रक्त एक सांगतंय आणि शरीर दुसरं. अशा वेळी मी शरीरावर विश्वास ठेवते आणि रिपोर्टवर संशय घेते.

संशय घ्यायला तीन जागा आहेत. पहिली, गणपती. तुम्ही लिहिलंय की रक्त गणपती झाल्यावर आठवड्याभरात दिलं. आपल्याकडे भाद्रपदात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या किती जातात हे कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा, चाकरमानी घरी येणार, घरात गणपती, मग नॉरएथिस्टेरॉनची पट्टी आणून घ्यायची, बऱ्याच जणी डॉक्टरला न विचारता. ती गोळी प्रोजेस्टेरॉनच्या जातीची, ती पिट्युटरीला दाबते, एलएच खाली आणते. तुम्ही घेतली होती का ते लिहिलेलं नाही, पण मी हा प्रश्न सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेल्या प्रत्येकीला विचारते, कारण त्या गोळ्यांनंतरचं हॉर्मोन रिपोर्ट म्हणजे गोळीचं रिपोर्ट, बाईचं नाही. तरीही एवढ्याने एलएच अगदी ०.१ च्या खाली जाणं आणि एफएसएच मात्र सहावर राहणं थोडं विचित्र आहे.

दुसरी जागा बायोटिन. केस गळतात म्हणून गोळ्या किंवा गमीज घेताय का? त्यात भरपूर बायोटिन असतं आणि काही मशीनवर ते टेस्टच्या केमिस्ट्रीत लुडबुड करतं, एलएच, एफएसएच, टीएसएच खोटे कमी दाखवतं आणि टेस्टोस्टेरॉन, एस्ट्राडायॉल खोटे जास्त. पण मग फक्त एलएच कसं पडेल, एफएसएच आणि टीएसएच पण पडायला हवे होते. तुमचे दोन्ही ठीक आहेत, म्हणून बायोटिन मी खालच्या नंबरवर ठेवते, पण विचारणार नक्की.

तिसरी जागा तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे, आणि त्या टेस्टचा खरा उपयोग झाला असेल तर तो इथेच. १९९२ साली फिनलंडच्या संशोधकांनी एका निरोगी बाईबद्दल लिहिलं, पाळी, मुलंबाळं सगळं ठीक, आणि एका पद्धतीच्या टेस्टमध्ये एलएच सापडतच नव्हतं. कारण निघालं एलएचच्या बीटा भागातला (त्याचंच जीन म्हणजे एलएचबी) वारशाने आलेला बदल, ८ व्या आणि १५ व्या जागेवरचं अमिनो आम्ल वेगळं. हॉर्मोन काम करत होतं, पण टेस्ट किटमधली अँटिबॉडी ज्या भागाला पकडते तो भागच बदललेला, त्यामुळे किटला ते दिसत नव्हतं. हा व्हेरिएंट जगभरात कमी-जास्त प्रमाणात सापडतो, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत खूप, आणि आपल्या दक्षिणेतल्या निलगिरीच्या कोटा लोकांत तर सापडलाच नाही. यानंतर एलएचबीचे आणखी काही बदलही सापडले आणि त्यातल्या काहींबाबत हीच गोष्ट दिसली की एका कंपनीच्या मशीनवर एलएच शून्य आणि दुसरीकडे तेच सॅम्पल नॉर्मल. तुमच्या रिपोर्टमध्ये एलएचबीचा नेमका कोणता बदल आहे ते लिहिलेलं नाही, दोन्ही कॉपीत आहे की एकाच तेही नाही, आणि एकाच कॉपीत असेल तर आकडा साधारण कमी येईल, शून्य येणार नाही. म्हणून एमआरआयच्या आधी करायची गोष्ट सोपी आणि स्वस्त आहे: गोळ्या थांबून निदान एक पूर्ण चक्र जाऊ द्या, बायोटिन असेल तर आठवडाभर बंद ठेवा, मग पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी एलएच पुन्हा करा पण दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर. लॅबवाल्याला सरळ विचारा, मशीन कुठलं. आपल्याकडची बरीच सॅम्पल्स तशीही कोल्हापूर किंवा मुंबईला जातात, तेव्हा 'दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर हवं' असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं तर ते होतं.

पीसीओएसचं काय, तर माझ्या मते तुमचं निदान जीन, एलएच, एएमएच यातलं काहीही न बघता जवळजवळ होतं. २००३ पासून चालत आलेला नियम असा की तीनपैकी दोन गोष्टी असल्या की पीसीओएस: पाळी ३५ दिवसांपेक्षा जास्त लांबणं, अँड्रोजन म्हणजे पुरुषी हॉर्मोन जास्त असल्याची खूण (केस, खूप मुरमं किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन), आणि सोनोग्राफीत तशी ओव्हरी किंवा, २०२३ पासून, वाढलेलं एएमएच. तुमच्याकडे पहिल्या दोन आहेतच. पण अट अशी की तशीच दिसणारी दुसरी कारणं आधी बाजूला काढायची. थायरॉइड झालं. प्रोलॅक्टिन (पिट्युटरीतून येणारं, दूध आणणारं हॉर्मोन) कुठे दिसलं नाही, ते करा. आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, जे बहुतेकांच्या यादीत राहूनच जातं.

त्याबद्दल जरा जास्त लिहिते. अॅड्रिनल ग्रंथीत २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम असतं, ते कमजोर असलं की कॉर्टिसॉलकडे जाणारा माल अडतो आणि अँड्रोजनच्या बाजूला वळतो. दोन्ही कॉपी बिघडलेल्या पण त्यातली निदान एक सौम्य असली तर बाई अगदी पीसीओएससारखी दिसते, हनुवटीवर केस, पाळी लांब, ओव्हरीत फॉलिकल. याला नॉन-क्लासिक सीएएच म्हणतात. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर अँड्रोजन वाढलेल्या बायकांत याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास निघतं. म्हणजे फार नाही, पण यात मुलाचा प्रश्न येतो. तुमच्या दोन कॉपींपैकी एक जर गंभीर प्रकारची असेल आणि नवऱ्याकडेही एक गंभीर कॉपी निघाली, तर बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, जन्मल्यावर काही आठवड्यांत मीठ-पाण्याचं संतुलन बिघडून जिवावर बेतू शकतं. जिथे आते-मामे भावंडांत लग्नं होतात तिथे तर हे आधी बघायलाच हवं. टेस्ट साधी आहे: पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सकाळी आठच्या सुमारास रक्त, १७-ओएचपी. २ नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर बहुतेक प्रश्न मिटला. वर आलं तर एसीटीएच, म्हणजे अॅड्रिनलला कामाला लावणारं हॉर्मोन, इंजेक्शनने देऊन पुन्हा, आणि त्यातही वाढलं तर मग जीन टेस्ट. दुपारी बाराला दिलेलं सॅम्पल चालत नाही, गावाहून पहिल्या एसटीने येऊन वेळ जुळत नसेल तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे राहा पण सकाळचंच द्या.

आणि आता गंमत बघा, नव्हे गंमत नाही, मला याचा खरंच त्रास होतो. थुंकीच्या या टेस्ट चिपवर चालतात. चिप काय करते, तर वाडीतल्या प्रत्येक घराची पाटी वाचत जावं तशी ठरलेल्या जागांवरचं एकेक अक्षर वाचते, पण घर आत किती लांबपर्यंत पसरलंय ते पाटीवरून कळत नाही. २१-हायड्रॉक्सिलेजच्या जीनशेजारी त्याच्यासारखंच जवळजवळ तंतोतंत दिसणारं एक निकामी जीन असतं, चिपचा तिथे घोळ होतो. आणि दुसरं जे जीन तुमच्या मावशीच्या बाबतीत महत्त्वाचं आहे, एफएमआर-१, त्यात अक्षर बदलत नाही, तीच तीन अक्षरं किती वेळा रिपीट झालीत त्यावर सगळं ठरतं. ते चिप वाचतच नाही. म्हणजे जे वाचायला सोपं ते तुम्हाला लाल अक्षरात मिळालं, आणि तुमच्या घराण्याला ज्याची गरज होती ते त्या रिपोर्टमध्ये नाहीच. 'रिपोर्टमध्ये बाकी सगळं नॉर्मल' यावर या दोन बाबतीत अवलंबून राहू नका.

मावशीबद्दल. सगळ्यात आधी एक साधा प्रश्न, पाळी आपोआप बंद झाली की पिशवी काढली? आपल्याकडे पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका कमी नाहीत आणि घरातली मंडळी दोन्हीला 'पाळी बंद झाली' असंच म्हणतात. पिशवी काढली असेल तर ओव्हरीचा काही संबंध नाही, हा पूर्ण मुद्दा बाजूला पडतो. पोटाचा टीबी, केमोथेरपी, ओव्हरीचं ऑपरेशन यातलं काही झालं होतं का तेही विचारा. यातलं काहीच नसेल आणि ४० च्या आत पाळी आपली आपण गेली असेल तर त्याला पीओआय म्हणतात, म्हणजे ओव्हरीचं काम वेळेआधी थांबणं, आणि त्यात ज्या टेस्ट करायच्याच असतात त्यात कॅरियोटाइप म्हणजे क्रोमोसोमची संख्या आणि रचना बघणारी तपासणी, आणि एफएमआर-१ येतात.

एफएमआर-१ हे एक्स क्रोमोसोमवरचं जीन, १९९१ मध्ये सापडलेलं. त्यातले रिपीट ४४ पर्यंत असले तर ठीक. ५५ ते २०० असले तर त्याला प्रीम्युटेशन म्हणतात, अशी बाई एरवी धडधाकट असते पण अशा साधारण पाचांतल्या एकीची पाळी चाळिशीच्या आत जाते. आणि आईकडून मुलाकडे जाताना हे रिपीट वाढू शकतात, २०० च्या वर गेले की जीन बंद पडतं आणि मुलगा झाला तर त्याला फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम होतो, उशिरा बोलणं, बौद्धिक वाढ मागे, काही मुलांत ऑटिझमसारखी लक्षणं. लवकर पाळी गेलेली मावशी आणि उशिरा बोललेला मावसभाऊ, एकाच ओळीत तुम्ही या दोन गोष्टी लिहिल्यात, म्हणून मी एवढी मागे लागलेय. याला उलट कारणंही आहेत, उशिरा बोलणाऱ्या मुलांत आधी कान तपासायचे असतात, जन्मताना गुदमरलं होतं का हे विचारायचं असतं, आणि बऱ्याच मुलांत कारण तिसरंच निघतं. पण दोन्ही एकत्र असताना ही टेस्ट न करणं मला मान्य नाही.

तुमचा संबंध कसा, तर मावशी वाहक निघाली तर तिला ते आजी किंवा आजोबांकडून आलेलं. आजोबांकडून असेल तर त्यांच्या सगळ्या मुलींना आलेलंच असतं, कारण बापाचा एकच एक्स असतो आणि तो प्रत्येक मुलीला जातो. आजीकडून असेल तर तुमच्या आईला येण्याची शक्यता अर्धी. आईकडे असेल तर तुमच्याकडे येण्याची पुन्हा अर्धी. तुमचं एएमएच ८ आहे म्हणजे आज ओव्हरीत साठा उत्तम आहे, पण त्यावरून तुम्ही वाहक नाही असं ठरत नाही. वाहक निघालात तर घाबरायचं कारण नाही, माहिती असली की मूल लवकर ठरवणं, गरोदरपणाच्या सुरुवातीला तपासणी, हे पर्याय हातात असतात. माहिती नसली तर एकही नसतो.

इथवरचं थोडक्यात: एफएसएचबी सोडून द्या, एलएच दुसऱ्या मशीनवर पुन्हा करा, प्रोलॅक्टिन आणि सकाळचं १७-ओएचपी करा, आणि मावशीचं काय झालं ते नीट विचारा.

मूल होणार का, यावर सरळ उत्तर: तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून, पीसीओएसच असेल तर होण्याची शक्यता चांगली आहे, कदाचित थोडी मदत लागेल. पीसीओएसमध्ये बीजं असतात, ती वेळेवर बाहेर येत नाहीत एवढंच, आणि त्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या पहिल्या नंबरवर आहेत, स्वस्त आहेत, तालुक्याच्या गावीही मिळतात. तुमचा बीएमआय २६ च्या आसपास आहे, आपल्या भारतीय शरीरासाठी २३ च्या वर जास्त धरतात, तेव्हा चार-पाच किलो उतरले तरी कित्येक जणींची पाळी आपली आपण जवळ यायला लागते. भात-मासे बंद करा असं मी कुणालाही सांगत नाही, ताटातला भात निम्मा करून त्या जागी कुळीथ, भाजी, नाचणीची भाकरी, आणि रोज दम लागेल असं चालणं, पाखाड्या चढणं धरलं तरी पुष्कळ. साखरेची टेस्ट मात्र ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची करा, उपाशीपोटीची एकटी पुरत नाही. आणि ९० दिवस उलटूनही पाळी आली नाही तर डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन आणायचीच, अस्तर साठत राहणं पुढे धोक्याचं असतं. उलट बाजूही सांगते, पाळी लांबते म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं समजू नका, बीज मधेच कधीतरी बाहेर पडतंच, नको असेल तर काळजी घ्यावी लागते.

मुलाकडच्यांना दाखवायचं का? तो थुंकीचा रिपोर्ट, अजिबात नाही. त्यातला 'टी' तुमच्या होणाऱ्या नवऱ्याकडेही असू शकतो आणि त्याला कुणी विचारणार नाही. चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात चार काका-आत्यांसमोर असलं काही मांडायची गरज नाही. पण ज्याच्याशी लग्न ठरतंय त्या मुलाला, त्याला एकट्याला, 'माझी पाळी लांबते, पीसीओएस आहे, उपचार चालू आहेत' हे सांगावं असं माझं मत आहे, कारण पुढे दवाखान्याच्या फेऱ्या दोघांना मारायच्या असतात, आणि मूल राहत नाही म्हणून आलेल्या जोडप्यांत दोष नवऱ्याच्या वीर्यात असणं काही क्वचित नाही, तेव्हा एकटीने मान खाली घालून बसायचं काही कारण नाही. १७-ओएचपी किंवा एफएमआर-१ मध्ये काही निघालं तर मात्र ते त्याला सांगायलाच हवं, कारण त्यात होणाऱ्या मुलाचा प्रश्न आहे.

मावशीशी बोलताना आईला सोबत घ्या आणि 'तुझ्यामुळे' असा सूर चुकूनही येऊ देऊ नका. अशा मुलाच्या आईला आयुष्यभर लोकांनी काय काय ऐकवलेलं असतं ते मी ओपीडीत रोज बघते. तिला सांगा की कारण कळलं तर त्याच्या शाळेच्या आणि थेरपीच्या कामाला उपयोग होईल, आणि ते खरंच आहे. टेस्ट करायची ठरली तर सुरुवात तुमच्यापासून नको, मावसभावापासून करा, त्याच्याकडे उत्तर सगळ्यात स्पष्ट मिळेल. रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घेतात आणि ते कुरिअरने मुंबईला जातं, त्याला घेऊन प्रवास करायची गरज नाही. चिठ्ठीवर 'एफएमआर-१ सीजीजी रिपीट, पीसीआर, गरज वाटल्यास सदर्न ब्लॉट' असं लिहून घ्या, नुसतं 'जेनेटिक टेस्ट' लिहिलं तर लॅब भलतंच मोठं पॅनेल करून देते. त्याचं नॉर्मल आलं तर मावशीचं कॅरियोटाइप आणि एफएमआर-१ तरी करून घ्या, कारण त्याच्याकडे मावशीचा दुसरा, चांगला एक्स गेलेला असू शकतो. त्याच्यात किंवा मावशीत सापडलं, तर मग आईचं, आणि आईचं निघालं तरच तुमचं. लग्नाची तारीख त्याआधी आली तरी हरकत नाही, फक्त दिवस राहायच्या आधी उत्तर हातात असू द्या.